दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

मागच्या खेपेला आपण शिलाई मशीनच्या मोटरीबद्दल बोललो. त्यानंतर दोघी-तिघींनी बाजारात गाठून विचारलं, "तुमच्याकडचा तो मोठा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, त्याचं पुढं काय झालं? आमच्या घरी पोरानं आणलाय, त्याचंही तसंच चाललंय." म्हणून आज तोच विषय. जरा यंत्राचा आहे, पण भाकरी थापता थापता ऐकलात तरी कळेल असा सांगतो. हाताशी कागद-पेन्सिल असू द्या, चार-दोन नावं लिहून घ्यावी लागतील.

आमचं केंद्र तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलंय. आम्ही सहा जणी आणि दोन खोल्या. सातबाऱ्याच्या प्रिंटा, शिष्यवृत्तीचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, आणि गेली तीन वर्षं लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग. पहिली तीन कामं कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर होतात. व्हिडिओला मात्र ताकदीचं मशीन लागतं. नवं घ्यायचं तर सत्तर-ऐंशी हजार. गटाच्या पैशातून एवढी रक्कम एका डब्यात घालायला आमच्या हिशेब बघणाऱ्या काकू तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून डिसेंबरात शहरातल्या एका कॉलेजच्या मुलानं विकायला काढलेलं मशीन 28 हजारांना घेतलं. तो त्यावर गेम खेळायचा. बाजूला काच, आत लाल-निळे दिवे. "फुल स्पीड सेट केलंय ताई, एकदम रॉकेट," असं म्हणाला. थंडीचे तीन महिने ते रॉकेटसारखं चाललंही.

मार्चच्या शेवटी त्यानं रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी काही नाही. दुपारी एक वाजला, व्हिडिओ तयार करायला लावला, की तासाभरात कधी निळा पडदा, कधी जागच्या जागी गोठलेलं चित्र, तर कधी एडिटिंगचा प्रोग्रॅमच आपोआप बंद. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं विंडोज पुसून परत टाकलं, 500 रुपये. आठ दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा विंडोज, पुन्हा 500. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, मदरबोर्ड गेलाय. 9 हजार धरून चाला." त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही, त्यालाही दिवसाला दहा ठिकाणी जायचं असतं. पण जो आजार फक्त दुपारीच येतो, तो विंडोजचा कसा असेल, हा प्रश्न आमच्यातल्या सर्वांत धाकटीनं विचारला आणि त्याला उत्तर मिळालं नाही.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. ती मशीन बंद पडण्यापेक्षा वाईट होती. एका घरच्या हळदीचं चित्रण आमच्याकडं होतं. त्यात नवरीची आजी नाचली होती. लग्नानंतर महिन्याच्या आत त्या वारल्या. घरच्यांचा निरोप आला, बाकीचं सावकाश द्या, आजीचा भाग आधी द्या. आम्ही तो भाग उघडला तर मध्येच पडद्यावर हिरवे चौकोन. आजीचा चेहरा अर्धा चौकोनात गेलेला. प्रोग्रॅमनं काही चूक दाखवली नव्हती, फाइल व्यवस्थित उघडत होती. ती नेमकी कधी बिघडली हे कुणालाच कळलं नव्हतं. कॅमेऱ्याचं कार्ड आम्ही काम पोहोचतं होईपर्यंत पुसत नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. कार्ड दुसऱ्या साध्या कॉम्प्युटरला लावलं. आजी तिथं स्वच्छ दिसत होत्या.

म्हणजे कॅमेरा ठीक, कार्ड ठीक. मोठ्या मशीननं फाइल उतरवून घेतानाच ती नासवली होती. तेव्हा ठरवलं की आता हे मुळापासून बघायचं.

आता त्या मुलाच्या "फुल स्पीड"चा अर्थ सांगतो. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. लेझमाच्या पथकात हलगीच्या ठेक्यावर सगळ्यांची पावलं पडतात, तसा हा ठेक्यावर चालतो. आमच्या मशीनमध्ये इंटेलचा आय5-6600के हा प्रोसेसर आहे, 2015 सालचा. कारखान्यानं नेमून दिलेला त्याचा वेग 3.5 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 350 कोटी ठेके. गरज लागली तर तो आपणहून 3.9 पर्यंत जातो. मूळ ठेका 100 मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला 35 नं गुणलं की 3.5 गिगाहर्ट्झ होतात. इंटेलच्या अशा प्रोसेसरच्या नावात 'के' अक्षर असलं, तर योग्य मदरबोर्डवर मालकाला हा गुणाकार बदलता येतो. त्या मुलानं 35 च्या जागी 46 केले होते. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यात बेकायदा किंवा लबाडीचं काही नाही, हौशी लोक आवडीनं करतात.

पण फुकट काही मिळत नाही. ठेका वाढला की प्रत्येक ठेक्यात काम उरकायला वेळ कमी मिळतो, आणि काम वेळेत उरकावं म्हणून विजेचा दाब वाढवावा लागतो. आमच्याकडं चारही गाभे एकदम कामाला लागले की कारखान्याच्या हिशेबानं वेग 3.6 राहतो, दाब साधारण 1.2 व्होल्ट. मुलानं केलं होतं 4.6 आणि 1.38 व्होल्ट. वेग वाढला सव्वापटीहून थोडा जास्त. चिपला लागणारी वीज मात्र वेगाच्या पटीत वाढते, आणि शिवाय व्होल्टच्या वर्गाच्या पटीत वाढते. काकूंनी कॅलक्युलेटरवर गुणाकार केला, जवळजवळ 1.7 पट आला. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती नखाएवढ्या चिपमधून बाहेर काढायची असते.

दुपारचं कोडं इथं सुटायला लागलं. पंखा लावलेला कूलर चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात आमच्या खोलीत 26 अंश असायचे तेव्हा चिप 83-84 अंशांवर चालायची. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली खोली 39 वर गेली, की तेवढेच तेरा अंश चिपवर चढणार. म्हणजे 97. या चिपची मर्यादा 100 आहे, तिथं ती स्वतःच वेग कमी करून जीव वाचवते. पण त्याआधीच, जितकी गरम तितकी ती काठावरची कामं चुकवायला लागते. मुलानं त्याच्या खोलीत, थंडीत, तपासून "चालतं" म्हटलं, ते त्याच्या जागी खरंच होतं. आमच्याकडं वैशाख आहे, याचा हिशेब त्याच्या आकड्यात नव्हता.

शिलाईवाल्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. मोटर नको तेवढी जोरात पळवली, की मशीन प्रत्येक वेळी दोरा तोडून थांबत नाही. कधी कधी मध्येच टाका सोडते आणि पुढं जाते. वरून शिलाई छान दिसते. ब्लाउज अंगात घातल्यावर बगलेत उसवतं तेव्हा कळतं. दोरा तुटला तर निदान समजतं तरी. आजीच्या चेहऱ्यावरचे हिरवे चौकोन म्हणजे सुटलेले टाके होते.

हे काही आमच्याच नशिबी आलेलं नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजवर वर्षानुवर्षं काम केलेले रेमंड चेन यांनी 2005 मध्ये लिहिलं होतं, की लोकांच्या कॉम्प्युटरकडून बिघाडाचे जे अहवाल येतात त्यांत काही असे असतात, की जी आज्ञा चुकूच शकत नाही तिथं मशीन कोलमडलेलं असतं. मालकांशी संपर्क केला तर त्यातली बरीच मशीनं ओव्हरक्लॉक केलेली निघाली. काही मालकांना तर हा शब्दही माहीत नव्हता, कारण दुकानानंच वेग वाढवून विकलं होतं. पुढं 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी घरगुती वापरातल्या सुमारे 10 लाख कॉम्प्युटरचा अभ्यास मांडला. वेग वाढवलेली मशीनं कितीतरी पटींनी जास्त कोलमडतात, आणि एकदा हार्डवेअरच्या दोषानं कोलमडलेलं मशीन पुन्हा कोलमडण्याची शक्यता खूप वाढते, हे त्यात दिसलं. म्हणून "एकदाच झालं, सोडून द्या" असं म्हणू नका.

आता आम्ही काय केलं ते. सर्वांत आधी वही घातली. तारीख, वेळ, खोलीतलं तापमान, काय काम चालू होतं, आणि बंद पडताना पडद्यावर काय दिसलं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण "बंद पडलं" या एका शब्दात चार वेगळे आजार लपतात. एकदम अंधार होऊन मशीन परत चालू झालं, तर संशय विजेवर घ्यायचा. निळा पडदा आला तर त्यावरची अक्षरं मोबाइलवर टिपायची. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' असं असेल तर बहुतेक वेळा हार्डवेअरनं स्वतःच चूक कळवलेली असते, 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर आधी रॅम तपासायची. चित्र गोठलं किंवा प्रोग्रॅम मुकाट बंद झाला तर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, कुणीही असू शकतं. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची रोजनिशी असते, तिथंही नोंदी सापडतात. एक सांगून ठेवतो, त्यात 'कर्नल-पॉवर 41' दिसलं की पुष्कळ जण एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. का, ते ती सांगत नाही.

विजेचा संशय आम्ही लवकर निकालात काढला. आपल्याकडं शेतीपंप सुरू झाले की दाब पडतो हे तुम्हाला सांगायला नको. मल्टिमीटर लावला तर 230 च्या जागी संध्याकाळी 190 पर्यंत उतरलेला दिसला. पण आमचं मशीन दुपारी पडत होतं, आणि तेव्हा 220 च्या वर होता. यूपीएसही तपासला. तुमच्याकडं 600 व्हीएचा छोटा यूपीएस असेल तर तो साधारण 360 वॉटच पेलतो. वेग वाढवलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम जोरात आले, की तो दम टाकतो आणि दोष कॉम्प्युटरवर येतो. मोठा यूपीएस असेल तर पुढं चला.

मग साफसफाई, कारण ती जवळजवळ फुकट असते. प्लग काढायचा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, बांगड्या काढून ठेवायच्या, नायलॉनची साडी त्या दिवशी नको, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिथं उतरते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढली. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर हवेनं तो गरागरा फिरतो. कूलर काढला तर खालची थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. मेडिकलमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली आणि वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी नवी लावली. पेस्ट फार लावली की जास्त थंड होतं, असं नाही. तापमान बघायला 'एचडब्ल्यू इन्फो' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. नऊ अंश उतरले. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मशीन पुन्हा गोठलं.

इथं मोह असा होतो, की रॅम काढून बघू, तोवर ग्राफिक्सचं नवं सॉफ्टवेअर टाकू, विंडोजही अपडेट करू, सगळं एकदम. भाजी खारट झाली म्हणून पाणी, बटाटा, गूळ एकदम घातल्यासारखं. सुधारली तरी कशानं ते कळत नाही. आम्ही ठरवलं, एका वेळी एकच बदल, आणि बदलानंतर दोन दुपारी वाट बघायची.

पहिला बदल, सगळं कारखान्याच्या आकड्यांवर नेणं. मशीन चालू होताना 'डिलीट' किंवा 'एफ2' दाबत राहिलं की 'बायोस' उघडतं. तिथं 'लोड डिफॉल्ट्स' अशा अर्थाची ओळ असते. ती निवडायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हे अगदी जरूर करा, कारण डिफॉल्टबरोबर हार्डडिस्कची पद्धतही बदलू शकते आणि मग विंडोज सुरूच होत नाही. फोटो असला तर तेवढं परत करता येतं. ज्यांच्या मशीनला बिटलॉकरचं कुलूप असेल त्यांनी त्याची किल्ली आधी लिहून घ्यावी. आणि कुणी बायोस पुसायला मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढली, तर तारीख मागं जाते. मग शिष्यवृत्तीची वेबसाइट उघडेना म्हणून इंटरनेटवाल्याला शिव्या बसतात, आणि दोष असतो घड्याळाचा.

डिफॉल्टवर नेलं आणि तीन दुपारी मशीन हललं नाही. खोली 40 अंशांवर असताना सलग दोन तासांचा व्हिडिओ तयार झाला. 9 हजारांचा मदरबोर्ड तिथंच वाचला, कारण खरंच गेलेला मदरबोर्ड आकडे बदलल्यानं बरा झाला नसता. आणि दोनदा टाकलेल्या विंडोजचं काय? चुकणाऱ्या मशीनवर विंडोज टाकणं म्हणजे गळक्या छपराखाली नवा गिलावा करणं. टाकतानाच फाइली चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात. मशीन स्थिर झाल्यावर मात्र विंडोजची तपासणी जरूर करावी. 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा बिघडलेल्या फाइली शोधून बदलते. आमच्याकडं तीन निघाल्या.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दोष नेमका कुणाचा, हे कळल्याशिवाय धाकटीला झोप येईना. तिनं एकेक गोष्ट परत आणायला घेतली.

आधी फक्त रॅम. रॅमच्या पट्टीत 'एक्सएमपी' नावाची एक तयार यादी असते. ती चालू केली की रॅम जास्त वेगानं चालते. आमची रॅम साध्या सेटिंगमध्ये 2133 वर चालते, 1.2 व्होल्टला, एक्सएमपी चालू केलं की 3000 आणि 1.35 व्होल्ट. पट्टीच्या खोक्यावर 3000 छापलेलं असतं, म्हणून लोकांना तोच तिचा साधा वेग वाटतो. खरं तर तेही ओव्हरक्लॉकिंगच. 'मेमटेस्ट86' हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज सुरू न करता रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर सात चुका. 16 जीबीत सात चुका म्हणजे नगण्य वाटेल, पण आजीचा चेहरा नासायला एक पुरते. रॅममध्ये एकही चूक चालवून घ्यायची नसते. एक्सएमपी बंद करून पुन्हा रात्रभर चालवलं, चार फेऱ्या, चुका शून्य. मग पट्ट्या एकेक करून लावल्या. दोन्ही एकेकट्या 3000 वर ठीक, दोन्ही मिळून नाही. असं होतं, अशा वेळी पट्टी फेकून देण्याचं कारण नाही, वेग उतरवला की पुरतं.

मग रॅम साध्या वेगावर ठेवून फक्त प्रोसेसर 46 वर नेला आणि 'प्राइम95' लावला. या प्रोग्रॅमची गंमत सांगण्यासारखी आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी तो मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिला; 1996 पासून जगभरचे लोक आपापले कॉम्प्युटर त्या शोधाला जोडतात. 2024 मध्ये त्या उपक्रमात सापडलेली संख्या 4 कोटी 10 लाखांहून जास्त अंकांची आहे. एवढ्या मोठ्या गणितात एक अंक चुकला तर सगळं वाया, म्हणून प्रोग्रॅममध्ये मशीनची परीक्षा घ्यायची सोय ठेवली. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं तो मशीनला घालतो आणि उत्तर जुळलं नाही की तिथंच थांबतो. म्हणजे टाका सुटला की ओरडणारी सासूच. ही परीक्षा फार कडक असते, चिप एरवीपेक्षा जास्त तापते, म्हणून तापमानाकडं बघत बसायचं आणि 95 च्या वर जायला लागलं की थांबवायचं. सकाळी सात वाजता, खोली 28 अंश, दोन तास बिनचूक. दुपारी दोन वाजता अकराव्या मिनिटाला एका गाभ्याचं उत्तर चुकलं.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. रॅम वेगळी चुकत होती आणि प्रोसेसर वेगळा. अशा मशीनची दुरुस्ती फसते ती बहुतेक याच कारणानं. एक दोष काढला तरी दुसऱ्यामुळं मशीन पडतं, मग माणूस म्हणतो, "रॅमचं नव्हतं," आणि एक्सएमपी परत चालू करतो. आमची वही नसती तर आम्हीही तिथंच फिरत राहिलो असतो.

आता प्रश्न आला, वेग ठेवायचा की नाही. यावर आमच्यात चांगलंच वाजलं. धाकटी म्हणाली, मोठा कूलर आणू, 3 हजारांत येईल, 44 वर आरामात चालेल. तिचं म्हणणं चूक नव्हतं. काकूंनी वही पुढं ओढली. दोन तासांची लग्नाची फिल्म 4.6 वर 100 मिनिटांत तयार व्हायची, आता 128 मिनिटं लागतात. वाचतात 28 मिनिटं. पण ऐंशीव्या मिनिटाला मशीन पडलं, तर ऐंशी मिनिटं गेली आणि पुन्हा शून्यापासून. तीन फिल्मांमागं एकदा जरी पडलं, तरी मिळवलेलं जवळजवळ सगळं घालवलं. "आणि तेवढ्या वेळात मी भाकऱ्या करून येते, मला घाई नाही," असंही म्हणाल्या. ज्या कामाचे लोक पैसे देतात ते कारखान्याच्या वेगावरच करायचं, असं ठरलं. धाकटीला रविवारची परवानगी आहे. तेव्हा ती कामाची डिस्क काढून ठेवते, जुनी रिकामी डिस्क लावते आणि हवे ते प्रयोग करते. सध्या कमी व्होल्टला 42 वर तिचं काही चाललंय. वही तीच ठेवते.

फाइली उतरवून घेण्याची आमची पद्धतही बदलली, आणि ती सगळ्यांनाच उपयोगी आहे. कार्डावरची फाइल आणि उतरवलेली फाइल अगदी एकसारखी आहे का, हे उघडून बघून कळत नाही. विंडोजमध्येच 'सर्टयुटिल' नावाची आज्ञा आहे, ती कुठल्याही फाइलीचा 64 अक्षरांचा ठसा काढून देते. फाइलीतला एक कण बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. कार्डावरच्या फाइलीचा ठसा आम्ही साध्या कॉम्प्युटरवर काढतो, उतरवलेल्या फाइलीचा मोठ्यावर, आणि दोन्ही जुळल्याशिवाय कार्ड परत देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उतरवलेलं सगळं असं तपासलं. कार्डं अजून हाताशी होती त्या चार लग्नांत मिळून नऊ फाइली बिघडलेल्या निघाल्या. सगळ्या परत उतरवल्या. आजींचा भाग पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी आम्ही स्वतः नेऊन दिला. त्यांच्या लेकीनं तो तिथंच टीव्हीला लावला, दोनदा.

जुनं मशीन विकत घेणार असाल तर एवढं करा. आधी टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा. तिथं प्रोसेसरचं नाव आणि नेमून दिलेला वेग दिसतो. त्या प्रोसेसरची कमाल किती हे मोबाइलवर शोधा, आणि मशीनवर काम टाकून बघा, वेग त्याहून वर जातोय का. मग बायोस उघडून एक्सएमपी चालू आहे का बघा. काही मदरबोर्डांवर एका बटणात वेग वाढवायची सोय असते आणि ती कधी दाबली गेली हे मालकालाही आठवत नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा, "ओव्हरक्लॉक केलंय का?" त्या मुलानं लपवलं नव्हतं, त्याला तो गुणच वाटत होता. घरी आणल्यावर डिफॉल्टवर न्या, एक रात्र मेमटेस्ट चालवा, आणि जमलं तर परीक्षा दुपारी घ्या, मे महिन्यात असेल तर उत्तमच.

आमचं हे मशीन पुढंमागं विकायची वेळ येईल, तेव्हा ती वहीही सोबत देणार आहोत. कुणाला मेमटेस्टचा पेनड्राइव्ह हवा असेल तर केंद्रावर या, धाकटी करून देते. फक्त रिकामा आणा, आतलं सगळं पुसलं जातं. नमस्कार.